भिवपुरीच्या धबधब्यात रॅपलिंग: जाड बायकांनी आधी काय विचारावं

माझं वजन ९६ किलो, कंबर ४४ इंच, मांडी २८. भिवपुरीला रॅपलिंग, म्हणजे दोराच्या आधाराने कातळ उतरायला, जायचं ठरलं तेव्हा बुकिंगच्या फोनवरच हे सांगून टाकलं. मागे एका ठिकाणी हार्नेसचा, म्हणजे कमरेला नि मांड्यांना बांधून दोराला अडकवायच्या साजाचा, पट्टा पुरेना म्हणून मला सगळ्यांसमोर बाजूला बसवलं होतं, वर 'वजन जास्त आहे' असं ऐकवलं. ते खरं नव्हतं. कॅराबिनरवर, म्हणजे हार्नेस दोराला जोडणाऱ्या धातूच्या कडीवर, कोरलेला आकडा वाचा: २० ते २२ केएन (किलोन्यूटन), म्हणजे सुमारे २,००० किलोंचा भार. कमी पडतं ते पट्ट्याचं माप, आणि मोठ्या मापाचा हार्नेस बाजारात मिळतो. तो आणणं आयोजकाचं काम. 'तिथे गेल्यावर बघू' म्हणाला तर दुसरा शोधा.

जायला सोपं आहे. दादरहून सकाळची कर्जत लोकल, नेरळच्या पुढचं भिवपुरी रोड.

हार्नेस घालताना घाई करू देऊ नका. पट्टा कमरेच्या हाडाच्या वर बसायला हवा. पोट मोठं असेल तर तो खाली सरकतो आणि लटकताना माणूस मागे उलटू शकतो, म्हणून छातीचा हार्नेसही मागा. बकलमधून निघालेलं टोक चार बोटं तरी उरलं पाहिजे. वजन जास्त असलं की दोर आवरायला जोर लागतो. डिसेंडरवर, म्हणजे दोर ज्यातून सरकतो त्या उपकरणावर, घर्षण वाढवून द्यायला सांगा. आणि वेगळ्या दोरावर बिले, म्हणजे दुसऱ्या माणसाने दोर धरून दिलेला सुरक्षेचा आधार, असल्याशिवाय काठावर जायचंच नाही.

काठावर दरीकडे पाठ करून उभी राहिले. "ताई, खुर्चीत बसल्यासारखं मागे बसा, पाय फाकवून," शिकवणारा मुलगा म्हणाला. पहिली पावलं शेवाळावर पडली. मग पाणी हेल्मेटवर ताडताड आपटायला लागलं, डोळे उघडेनात. उजव्या हातात दोर कमरेशी घट्ट, बाकी सगळी मदार पायांवर. रोज हेच वजन वाहणाऱ्या माझ्या मांड्या कातळावर ठाम उभ्या राहिल्या. त्यांचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

जीन्स नको. आत गुडघ्यापर्यंतची सायकलिंग शॉर्ट घाला, मांड्या घासतात तिथे व्हॅसलीन लावा. कपडे बदलायला आडोसा आहे का, तेही आधीच विचारा.

पावसाळ्यात प्रशासन कधी कधी धबधब्यांवर बंदी घालतं, निघण्याआधी चौकशी करा. पाणी अचानक गढूळ झालं किंवा वाढलं, तर पैसे भरलेले असले तरी उतरू नका.