जोडवाचनाची नोंद : माणदेशातून कोमालाकडे

मंडळी, दोन वेगळ्या मुलखांतल्या कादंबऱ्या जोडीने वाचायचा आमचा उद्योग सांगलीत बसून अजून चालू आहे. या खेपेला अट एवढीच घातली होती की जोडीतलं एक पुस्तक आपल्या जिल्ह्याच्या मातीतलं हवं. शोधाशोध करावी लागली नाही. आटपाडीकडचे व्यंकटेश माडगूळकर, वाळव्याकडचे अण्णा भाऊ साठे. एकाच जिल्ह्याची दोन टोकं, पण तिकडे मेंढरं आणि कुसळं, इकडे वारणेचं खोरं.

पहिली जोडी माडगूळकरांची 'बनगरवाडी' आणि मेक्सिकोच्या हुआन रुल्फोची 'पेद्रो पारामो' (ही इंग्रजीतून वाचली). दोन्ही १९५५ सालच्या, दोन्ही अंगाने बारीक. एक तरुण परका कोरड्या मुलखातल्या गावात येतो आणि शेवटी गाव ओस पडतं. साम्यांची यादी करायला बसलं तर वहीचं पान सहज भरतं, पण हाती काही लागत नाही. म्हणून आता मी प्रत्येक पुस्तकाला एकच प्रश्न विचारतो: या गावाचं वाटोळं कुणी केलं असं तुझं म्हणणं आहे?

रुल्फोचं उत्तर रोखठोक आहे. पेद्रो पारामो हा कोमालाचा जमीनदार. माणसं, जमिनी, पाद्री, सगळं त्याच्या मुठीत. क्रांतिकारक दारात येतात तर त्यांनाही आपलीच माणसं देऊन तो स्वतःचं बूड सुरक्षित ठेवतो. त्याला आयुष्यात एकच गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे सुसाना सान हुआन. घरात येऊनही ती त्याची होत नाही. ती मरते, चर्चच्या घंटा थांबेनात, आजूबाजूची माणसं गोळा होतात आणि दुखवट्याची जत्रा होते. पेद्रो ठरवतो, आता मी हाताची घडी घालून बसणार, गाव मरू दे उपाशी. आणि गाव मरतं. एका माणसाने नुसतं काही न करण्याने गाव मारता येतं, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो.

हे डोक्यात असताना 'बनगरवाडी' परत काढली. सगळीकडे मालक शोधत होतो. सापडत नाही. कारभारी आहे, पण त्याचा दरारा वयाचा आणि शब्दाचा. आनंदा रामोशी चोर आहे, खलनायक नाही. एकच बैल असलेल्या शेकूची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी जुवाला खांदा देते, त्यातही माडगूळकर कुणाकडे बोट दाखवत नाहीत. गावात नेमलेल्या शाळामास्तरच्या, म्हणजे निवेदकाच्या खटपटीने, गावाच्या अंगमेहनतीने तालीम उभी राहते, उद्घाटनाला खुद्द राजा येतो. मग पाऊस दडी मारतो, मेंढरं मरू लागतात, माणसं उठून चालू लागतात. दोष आभाळाचा. पहिल्या वाचनात हा संयम फार आवडला होता. रुल्फोनंतर तो किंचित खुपतो. तालमीला येणारा राजा दुष्काळात कुठे असतो, असं कादंबरीतल्या एखाद्याने तरी विचारावंसं वाटतं. हा आक्षेप माझा, आणि तुमच्यापैकी माणदेशी मंडळी मला झोडपणार हे माहीत आहे.

निवेदकांचं मात्र चांगलं जमलं. मास्तर गावाच्या भानगडीत कितीही गुंतला तरी तो नोकरीवर आलेला आहे, निघून जाऊ शकतो. रुल्फोचा निवेदक हुआन प्रेसियादो आईला दिलेल्या शब्दाखातर बापाच्या शोधात येतो. वाटेत भेटलेला खेचरवालाही म्हणतो, मी पेद्रोचाच मुलगा. बापाच्या गावातून सुटका नसते. पुस्तक निम्म्यावर येतं तेव्हा कळतं की आपल्याशी बोलणारा हुआन स्वतःच मेलेला आहे आणि थडग्यातून बोलतोय. (पहिल्यांदा वाचणाऱ्यांनी नावांची वही मांडून बसू नये. आवाज ऐकत पुढे जावं, चेहरे मागाहून जुळतात.)

दुसरी जोडी अण्णा भाऊंची 'फकिरा' (१९५९) आणि नायजेरियाच्या चिनुआ अचेबेची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८). इथे इंग्रज सरकार दोन्हीकडे आहे, त्यामुळे तो प्रश्न लवकर सुटतो. खरी गंमत बापांत आहे. गावासाठी जोगणी (जत्रेचा मान) आणताना जीव देणाऱ्या बापाच्या, राणोजीच्या तोडीचं व्हायचं, हे फकिराचं बळ. अचेबेचा नायक ओकोंक्वो, त्याचा बाप उनोका बासरी वाजवणारा, कर्ज बुडवणारा, आणि त्याच्यासारखं कधी व्हायचं नाही याच धास्तीवर ओकोंक्वोचं अख्खं आयुष्य चालतं. भित्रा म्हणतील या भीतीने तो घरात वाढलेल्या, आपल्याला बाप म्हणणाऱ्या इकेमेफुना या मुलावर स्वतःच्या हाताने वार करतो. फकिराला असं काही सिद्ध करावं लागत नाही. तो धान्य लुटतो ते भुकेल्यांसाठी, आणि शेवटी सरकारच्या हाती लागतो तोही आपल्या माणसांसाठीच. कादंबरी म्हणून मला अचेबे उजवा वाटतो, कारण तो आपल्या नायकाला सोडत नाही. अण्णा भाऊंचं फकिरावर फार प्रेम आहे. पण हजेरीच्या (सरकारसमोर रोज हजर राहण्याच्या सक्तीच्या) जाचाची पानं वाचताना हा फरक विसरायला होतो.

पुढचं काम बायकांचं: बनगरवाडीची अंजी, कोमालाची सुसाना, आणि ही मुलगा असती तर बरं झालं असतं असं ओकोंक्वोला जिच्याबद्दल वाटतं ती त्याची मुलगी एझिन्मा. तिघींची जोडी लावायची तर चौथी वारणाकाठची हवी. 'फकिरा'तली कोण घ्यावी, सुचवा.