बनून गेलेल्या क्लासला मागाहून अ‍ॅट्रिब्यूट चिकटवणं

पायथनमध्ये क्लास (ऑब्जेक्ट बनवायचा साचा) हासुद्धा एक ऑब्जेक्टच, असं सगळे ट्यूटोरियलवाले एका ओळीत सांगून पुढे पळतात, पण त्याची खरी गंमत क्लास बनून गेल्यावर त्यात अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे नाव दिलेली एखादी व्हॅल्यू किंवा फंक्शन, घालायला गेलं की कळते. समजा बिल नावाचा रिकामा क्लास आहे, आत नुसतं पास (म्हणजे काहीच करू नको). त्याचे दोन ऑब्जेक्ट केले, किराणा आणि मोबाइल. (पायथन 3 मध्ये देवनागरी नावं चालतात बरं का, ऑफिसात नका करू, घरी करून बघा.) आता लिहा:

बिल.जीएसटी = 18

किराणा.जीएसटी विचारलं तर 18, मोबाइलचंही 18, आणि हे दोघं तर त्या ओळीच्या आधीच जन्मलेले! कारण त्यांच्यात काही कॉपी झालेलंच नाही, किराणाची डंडर डिक्ट (__dict__, ऑब्जेक्टचं स्वतःचं सामान ठेवायची डिक्शनरी) उघडून बघा, रिकामी आहे. डिस्क्रिप्टरची (वाचणं-लिहिणं स्वतःच्या हातात घेणारे खास ऑब्जेक्ट) भानगड बाजूला ठेवली तर पायथन आधी ऑब्जेक्टमध्ये शोधतं, नाही सापडलं तर क्लासमध्ये, मग त्याच्या पॅरेंट क्लासमध्ये, आणि हे दरवेळी नव्याने. म्हणून किराणा.जीएसटी = 5 केलं तर ते फक्त किराणाच्या डिक्शनरीत जातं, क्लासचं 18 तसंच राहतं, आणि किराणावरचं डिलीट केलं की परत 18 दिसायला लागतं.

इथपर्यंत सोपंय. आता बिल.शेरे = [] करा आणि मग

किराणा.शेरे += ["उधारी"]

मोबाइलच्या बिलावरही उधारी! लिस्ट एकच होती ना, क्लासवरची, आणि लिस्टचं += जागेवरच बदल करतं. वर आणि तीच लिस्ट किराणाच्या स्वतःच्या डिक्शनरीतही जाऊन बसते, म्हणजे उद्या कोणी बिल.शेरे = [] करून साफसफाई केली तरी किराणाकडे उधारी शिल्लकच. असला बग शोधताना माणूस डेटाबेसला शिव्या घालत बसतो.

फंक्शनचंही तसंच. क्लासला चिकटवलं तर मेथड होते, सेल्फ (ज्या ऑब्जेक्टवर मेथड कॉल केली ते ऑब्जेक्ट) आपोआप मिळतो. एकट्या ऑब्जेक्टला चिकटवलं तर साधं फंक्शनच राहतं, सेल्फ कोणी देत नाही, त्यासाठी टाइप्स मॉड्यूलमधलं मेथडटाइप वापरावं लागतं. आणि डंडर लेन (__len__, लांबी सांगणारी मेथड) ऑब्जेक्टवर लावून लेन(किराणा) केलं तर सरळ टाइपएरर, कारण असल्या खास मेथड पायथन ऑब्जेक्टवर शोधतच नाही, थेट क्लासवर शोधतं. कॅश्ड प्रॉपर्टी (एकदा काढलेली व्हॅल्यू जपून ठेवणारी) मागाहून लावली तर तीही वापरताना एरर देते, तिला स्वतःचं नाव क्लास बनतानाच कळतं, नंतर डंडर सेट नेम तुम्हालाच हाताने कॉल करायला लागतो.

सेटअ‍ॅट्रबद्दल (नाव स्ट्रिंग म्हणून देऊन हेच चिकटवणारं फंक्शन) माझं मत जरा कडक आहे. अ‍ॅट्रिब्यूटचं नाव सीएसव्हीच्या हेडरमधून येणार असेल तर ते अ‍ॅट्रिब्यूट नाहीच, तो डेटा आहे, गपचूप डिक्शनरी वापरा. प्लगिन रजिस्टर करायला, टेस्टमध्ये तात्पुरतं काही बदलायला मात्र मस्त.

दुसऱ्याच्या क्लासमध्ये हात घालायचा तर दहादा विचार करा. पायथन इंट, स्ट्रिंगला हात लावूच देत नाही, टाइपएरर देतं. पीएचपीने 8.2 पासून ऑब्जेक्टवर न सांगता प्रॉपर्टी बनवणं डेप्रिकेट केलं (म्हणजे हे सोडा, अशी ताकीद दिली). जावास्क्रिप्टमध्ये मात्र सगळं मोकळं रान, आणि मूटूल्स लायब्ररीने अ‍ॅरेच्या प्रोटोटाइपवर (जिथून त्या सगळ्यांना मेथड मिळतात ते ऑब्जेक्ट) स्वतःचं फ्लॅटन (आतल्या लिस्ट उलगडून एक सपाट लिस्ट करणारी मेथड) कधीचं बसवून ठेवलेलं. 2018 मध्ये भाषेत खरंखुरं फ्लॅटन आणायला घेतलं तर जुनं मूटूल्स वापरणारी साइट फायरफॉक्स नाइटलीमध्ये (ब्राउझरची चाचणी आवृत्ती) मोडली. का, तर बिल्टइन मेथड फॉर-इन लूपमध्ये (ऑब्जेक्टमधली नावं एकेक देणारा लूप) दिसत नाही, मूटूल्सने तिच्यावर आपली व्हॅल्यू लिहिली तरी तो न दिसण्याचा गुण तसाच राहिला, आणि मूटूल्स त्याच लूपने मेथड पुढे कॉपी करत होतं, म्हणून फ्लॅटन कॉपीच झालं नाही. नाव स्मूश (इंग्रजीत चेपणं) ठेवा असा विनोदही झाला, त्यावर लोकांनी खरंच वाद घातले, आणि शेवटी ईएस 2019 मध्ये (जावास्क्रिप्टच्या स्टँडर्डची आवृत्ती) फ्लॅट हे नाव आलं.