आकडा शून्य की पाच? नैतिक फंड जगभरातले शेअर कसे निवडतात

सुपरमार्केटची साखळी चालवणारी कंपनी सिगारेटही विकते. मग ती तंबाखूची कंपनी झाली का? सिगारेटचे फिल्टर बनवून देणारी कंपनी? तंबाखू कंपनीला कर्ज देणारी बँक? नैतिक गुंतवणूक करणाऱ्या फंडाचं खरं काम या प्रश्नांपाशी सुरू होतं. ‘आम्ही तंबाखूत पैसे घालत नाही’ हे माहितीपत्रकात एका ओळीत लिहून होतं. ते पाळायचं तर मर्यादेचा आकडा ठरवावा लागतो, आणि माझ्या मते फंडाची नीती त्या आकड्यात दिसते, नावात नाही.

रूढ पद्धत अशी आहे: तंबाखूचं उत्पादन करणारी कंपनी सरळ बाहेर, तिथे मर्यादा शून्य. विक्री आणि वितरण करणाऱ्यांसाठी मर्यादा एकूण उत्पन्नाच्या ५ किंवा १० टक्के. सुपरमार्केट त्यामुळे सहसा आत राहतं. दारू, जुगार, अश्लील साहित्य यांनाही साधारण ५ ते १० टक्क्यांची मर्यादा लावतात. अडचण ही की कंपन्या हे उत्पन्न वेगळं दाखवत नाहीत. वार्षिक अहवालात ते ‘किराणा व इतर’ अशा मोठ्या गटात मिसळलेलं असतं, त्यामुळे माहिती पुरवणाऱ्या संस्था अंदाज बांधतात. समजा यंदाचा अंदाज ४.७ टक्के आला आणि पुढच्या वर्षी ५.२. कंपनीच्या धंद्यात तसूभरही बदल झालेला नसतो, तरी फंडाला शेअर विकावा लागतो, आणि त्याच्या पुढच्या वर्षी कदाचित परत घ्यावा लागतो. दलाली आणि खरेदी-विक्रीच्या भावांतला फरक मात्र दोन्ही वेळा गुंतवणूकदाराच्या खिशातून जातो. म्हणून नीट आखलेल्या नियमावलीत दोन आकडे असतात: बाहेर काढायचा ५ आणि परत आत घ्यायचा, उदाहरणार्थ, ३.

कोळशाच्या बाबतीत टक्केवारीच फसवी ठरते. अवाढव्य खाण कंपनीच्या उत्पन्नात कोळशाचा वाटा ८ टक्के असेल, तरी ती निव्वळ कोळशावर जगणाऱ्या छोट्या कंपनीच्या कितीतरी पट कोळसा जमिनीतून काढत असते. टक्क्यांच्या नियमात छोटी सापडते आणि मोठी सुटते. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने (जगातल्या नोंदणीकृत शेअरपैकी सुमारे दीड टक्का या एका फंडाकडे आहे) आधी ३० टक्क्यांची मर्यादा ठेवली होती. २०१९ मध्ये तिच्या जोडीला ठोस परिमाण आलं: वर्षाला २ कोटी टनांहून जास्त औष्णिक कोळसा काढणारी किंवा कोळशावरच्या १०,००० मेगावॅटहून जास्त वीजक्षमतेची कंपनी वगळता येऊ लागली, मग उत्पन्नातला वाटा कितीही असो. कुठल्याही फंडाच्या कागदपत्रात मी आधी हेच बघतो. टक्केवारीच्या शेजारी टन किंवा मेगावॅटचा आकडा आहे का? नसेल तर सगळ्यात मोठे प्रदूषक आत असण्याची शक्यता बरीच आहे.

शस्त्रांबाबत उत्पन्नाचा हिशेब कामालाच येत नाही. भूसुरुंगांवर १९९७ च्या ओटावा कराराने आणि क्लस्टर बॉम्बवर २००८ च्या ऑस्लो कराराने बंदी घातली. असं शस्त्र बनवणारी कंपनी त्यातून किती पैसे मिळतात हे जाहीर करणार नाही. म्हणून इथे मर्यादा शून्य असते आणि कसोटी सहभागाची. पण सहभाग म्हणजे काय, इथे फंडाफंडांत फरक पडतो. खास त्या शस्त्रासाठी घडवलेला सुटा भाग बनवणारी कंपनी बहुतेक जण वगळतात. कुठल्याही यंत्रात बसणारा साधा बोल्ट पुरवणारी वगळत नाहीत. उपकंपनी ते काम करत असेल तर मूळ कंपनीवर ठपका कधी येतो? काहींच्या नियमात ५० टक्के मालकी असेल तर, काहींच्या २० टक्क्यांनाच. संयुक्त प्रकल्पात ४९ टक्के भांडवल असलेली मोठी कंपनी पहिल्या नियमातून अलगद निसटते.

या चाळणीचा आजचा साचा फार जुना नाही. अमेरिकेत १९७१ साली निघालेल्या पॅक्स वर्ल्ड फंडामागे व्हिएतनाम युद्धातून नफा कमावणाऱ्या कंपन्यांत पैसे नकोत म्हणणारी मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथातली माणसं होती. ब्रिटनमध्ये १९८४ साली फ्रेंड्स प्रॉव्हिडंटचा स्टुअर्डशिप फंड आला. तेव्हा ‘काय नको’ एवढंच ठरवायचं होतं. आता ‘कसं वागते’ हेही बघतात, आणि अवघड भाग तिथे आहे.

वर्तनाची चाळणी बहुधा संयुक्त राष्ट्रांच्या ग्लोबल कॉम्पॅक्टच्या दहा तत्त्वांवर लावतात: मानवी हक्क, कामगार, पर्यावरण आणि भ्रष्टाचार. घटना किती गंभीर, किती वेळा घडली, कंपनीने नंतर काय केलं, यावरून लाल, नारिंगी असा शेरा मिळतो. नॉर्वेच्या फंडाने कामगारांच्या प्रश्नावरून वॉलमार्टला २००६ मध्ये वगळलं आणि २०१९ मध्ये परत घेतलं. परतीचा रस्ता खुला ठेवलेला मला पटतो, कारण तो नसेल तर सुधारायचं कंपनीला कारणच उरत नाही. पण या चाळणीला एक मोठं भोक आहे. शेरे बातम्यांवरून, न्यायालयातल्या खटल्यांवरून आणि स्वयंसेवी संस्थांच्या अहवालांवरून बनतात. जिथे वर्तमानपत्रं मोकळेपणाने लिहितात आणि इंग्रजीत लिहितात, तिथल्या कंपन्यांच्या नावावर जास्त घटना चढतात. जिथे कामगार संघटनाच नाही, तिथल्या कारखान्याची पाटी कोरी दिसते. जगभर शेअर घेणाऱ्या फंडाने कोऱ्या पाटीला निर्दोष समजू नये. चांगले विश्लेषक तिथे पुरवठादारांची यादी, लेखापरीक्षण आणि स्थानिक भाषेतल्या बातम्या मागवतात. खर्चिक आहे, म्हणून पुष्कळ फंड टाळतात.

यानंतर येतं ईएसजी गुणांकन, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार यांचे गुण. शेअर निर्देशांक बनवणारी एमएससीआय ही संस्था ‘एएए’ ते ‘सीसीसी’ अशा सात पायऱ्यांत दर्जा देते, आणि तो त्याच उद्योगातल्या इतरांच्या तुलनेत असतो. त्यामुळे तेल कंपनीलाही वरचा दर्जा मिळू शकतो. अर्थ एवढाच की इतर तेल कंपन्यांपेक्षा ती बरी. सस्टेनॅलिटिक्स ही दुसरी संस्था उलट मोजते. तिथे आकडा उरलेल्या जोखमीचा असतो, १० च्या खाली म्हणजे नगण्य आणि ४० च्या वर म्हणजे अतिगंभीर. दोन्हींचे आकडे एकाच तक्त्यात टाकले आणि एकाची दिशा फिरवायला विसरलं, की सगळी निवडच उलटी होते. दिशा बरोबर असली तरी गुण जुळतीलच असं नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा संस्थांच्या गुणांमधला सरासरी सहसंबंध ०.५४ निघाला (१ म्हणजे पूर्ण जुळणी), आणि निम्म्याहून जास्त तफावत मोजमापातली होती. म्हणजे विषय एकच, पण एक संस्था कामगारांची वागणूक नोकरी सोडण्याच्या प्रमाणावरून मोजते आणि दुसरी खटल्यांवरून.

शिवाय गुण बरेचदा धोरणाला मिळतात, परिणामाला नाही. मोठी कंपनी दहा माणसं लावून शंभर पानांचा अहवाल काढते, छोटीला ते जमत नाही, आणि काम चांगलं असूनही गुण कमी पडतात. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा उघड झाला तेव्हा ती कंपनी डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकात होती. काही आठवड्यांत तिला काढावं लागलं. म्हणून गुण हा निर्णय नव्हे. कोणत्या कंपन्यांचा अभ्यास आधी करायचा, एवढंच त्यावरून ठरवावं.

कार्बनचा हिशेबही उलगडून बघण्यासारखा आहे. समजा एका कंपनीचं उत्सर्जन वर्षाला १० लाख टन आणि उत्पन्न २ अब्ज डॉलर. म्हणजे दर १० लाख डॉलर उत्पन्नामागे ५०० टन, यालाच तीव्रता म्हणतात. फंडात तिचा वाटा ३ टक्के असेल, तर फंडाच्या सरासरीत तिचे १५ टन. फंडाची सरासरी ९० असेल, तर सहावा हिस्सा या एका कंपनीचा. आता तेलाचे भाव चढून तिचं उत्पन्न २.८ अब्ज झालं, तर तीव्रता ३५७ वर येते. धूर तेवढाच, फंडाचा आकडा मात्र सुंदर. त्यामुळे तीव्रतेबरोबर एकूण टनही तपासावे लागतात. त्यातही मोजणी बहुधा कंपनीच्या स्वतःच्या आणि विकत घेतलेल्या विजेच्या उत्सर्जनाची असते. गाडी बनवणाऱ्या कंपनीचं बहुतेक उत्सर्जन गाडी रस्त्यावर धावताना होतं, ते तिसऱ्या कक्षेत (पुरवठादारांचं आणि विकलेल्या मालाच्या वापरातलं उत्सर्जन) येतं आणि तिथले आकडे बरेचसे अंदाजाचे असतात.

युरोपात आता नावालाच नियम लागतो. नावात ‘शाश्वत’ किंवा ‘पर्यावरण’ अशा अर्थाचा शब्द असलेल्या फंडांना, जुन्यांनाही मे २०२५ पासून, पॅरिस कराराशी जुळणाऱ्या निर्देशांकांची वगळणी पाळावी लागते: उत्पन्नाच्या १ टक्का किंवा जास्त कोळशातून, १० टक्के तेलातून, ५० टक्के वायूतून आलं तर बाहेर. शिवाय निदान ८० टक्के गुंतवणूक जाहीर उद्दिष्टाला धरून हवी.

आता उरलेल्यांतून निवड. एमएससीआयचा एसीडब्ल्यूआय हा विकसित आणि उदयोन्मुख देशांचा जागतिक निर्देशांक घेतला तर ४७ देशांतल्या सुमारे अडीच हजार कंपन्यांपासून सुरुवात होते, आणि सक्रिय फंडात (जिथे व्यवस्थापक स्वतः शेअर निवडतो) शेवटी चाळीस ते ऐंशी राहतात. मधलं काम साध्या शेअर विश्लेषणाचंच आहे: रोख नफा, कर्ज, भाव. फक्त तोल जातो. तेल, खाणी, वीज बाहेर गेल्यावर तंत्रज्ञान आणि आरोग्य यांचा भार आपोआप फुगतो. २०२२ मध्ये फक्त विकसित देशांचा एमएससीआय वर्ल्ड निर्देशांक डॉलरमध्ये सुमारे १८ टक्के घसरला, पण त्यातल्या ऊर्जा कंपन्या जोरात वर गेल्या. तेल न ठेवणारे फंड मागे पडले. हे टाळायला प्रत्येक क्षेत्राचा वाटा निर्देशांकापासून, समजा, ५ टक्क्यांहून दूर जाऊ द्यायचा नाही असा नियम करतात. ऊर्जेला मात्र तो लागू पडत नाही, कारण आत घ्यायला फारसं काही शिल्लकच नसतं. तेलाची तेजी आली की हा फंड मागे राहील, हे गुंतवणूकदाराला आधीच सांगावं.

चुका बहुतेक कारकुनी जागी होतात. कंपनी दुभंगली, नव्या कंपनीला नवा ओळखक्रमांक मिळाला, आणि माहिती पुरवणाऱ्याकडे तिची नोंदच नाही. संगणकप्रणालीने ‘माहिती नाही’ म्हणजे ‘हरकत नाही’ असं धरलं, की काल वगळलेला धंदा आज खरेदीच्या यादीत येतो. रिकामी नोंद म्हणजे मनाई, हा नियम ऑर्डर जाण्याआधी अडवणाऱ्या यंत्रणेतच बसवायला हवा. एकाच कंपनीचे मूळ बाजारातले शेअर आणि त्यांच्याऐवजी परदेशी बाजारात चालणाऱ्या पावत्या (डिपॉझिटरी रिसीट) वेगळ्या क्रमांकाने फिरतात. एक अडवला आणि दुसरा राहिला, हेही होतं. आधीच हातात असलेली कंपनी नियमात बसेनाशी झाली तर विकायला मुदत असते, बरेचदा ९० दिवसांची. मुदतच लिहिलेली नसेल, तर तो शेअर वर्षभर पडून राहू शकतो.

शेअर घेतल्यावर मतदानाचा हक्क येतो. मे २०२१ मध्ये इंजिन नंबर वन या छोट्या फंडाने एक्झॉनमोबिलचे सुमारे ०.०२ टक्के शेअर हातात असताना, मोठ्या पेन्शन फंडांच्या पाठिंब्यावर, संचालक मंडळात तीन जागा जिंकल्या. पण बरेच फंड थोड्या जादा उत्पन्नासाठी शेअर उसने देतात, आणि उसना दिलेल्या शेअरचं मत उसना घेणाऱ्याकडे जातं. मतदाराची नोंद ठरण्याच्या तारखेआधी ते परत मागवावे लागतात. ती तारीख हुकली, तर नैतिक फंडाच्या शेअरवर भलताच कुणी मत देऊन जातो. फंडाचा मतदान अहवाल उघडून वादग्रस्त ठरावांसमोरचा रकाना बघा: तिथे ‘विरोधात’ लिहिलंय, ‘बाजूने’ लिहिलंय, की ‘मतदान केलं नाही’?