७१,८०० किमी: पावसाळा सरला, कोनसेट उघडला

खंडेनवमीला गाडीला हार घालायचा, तर त्याआधी ती नट-बोल्टांपर्यंत उघडून बघायची, हा माझा दरवर्षीचा नेम. यंदा मीटर ७१,८०० वर आहे. गाडी चारशेच्या वरची सिंगल सिलिंडर, पुढे २१ इंची चाक, मागे १७. जून ते सप्टेंबर जांबोटी-कणकुंबी-चोर्ला हा रस्ता काही सुटला नाही. मलप्रभेच्या उगमापाशी धुक्यात थांबून गरम चहा घेतल्याशिवाय माझा पावसाळा होत नाही.

आपल्या बेळगाव भागात सर्व्हिस नुसत्या किलोमीटरवर मोजून भागत नाही. खानापूरकडची तांबडी माती कणीदार. पाण्याबरोबर ती बेअरिंगच्या रबरी सीलच्या कडेनं आत शिरते आणि ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखी घासत बसते. बैलहोंगल-सौंदत्तीची काळी माती चाक आणि मडगार्डच्या मधे गच्च बसते, वाळली की दगड होते. पण धुतली की निघते. तांबडीचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मला तिचीच जास्त धास्ती.

या वेळचं मुख्य काम हँडलचं, म्हणजे ते ज्या बेअरिंगवर फिरतं त्या कोनसेटचं. ऑगस्टपासून कणकुंबीच्या पुढे सावकाश चालवताना गाडी सरळ रेषेत राहीना. हँडल मधोमध कुठेतरी अडकायचं, किंचित जोर दिला की सुटायचं. आधी टायरमधली हवा बघितली, मग टायरच झिजलाय असं वाटलं. शेवटी मधल्या स्टँडवर घेतली, बॅशप्लेटखाली (इंजिनाखालचा जाड पत्रा) लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक उचललं आणि दोन बोटांनी हँडल फिरवलं. बरोबर मध्यावर ‘टक्’. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे. पन्नास हजारांच्या पुढे गेलेल्या प्रत्येकानं आज घरी करून बघावी.

उघडल्यावर वरच्या बेअरिंगचे छर्रे ठीक होते. खाली मात्र ग्रीस उरलंच नव्हतं, विटकरी रंगाचा चिखल होता. छर्रे ज्या कपात फिरतात त्याच्या आतून नख फिरवलं तर एकामागून एक बारीक खळगे लागत होते. सरळ रस्त्यावर हँडल फारसं वळत नाही, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा मार तेच छर्रे त्याच जागी खातात. शिवाय चाकानं उडवलेलं पाणी पहिल्यांदा खालीच पोचतं. घट्ट करून असा कोनसेट सुधारत नाही, उलट खटका वाढतो. मी छर्रे काढून टेपर (निमुळते) रोलर टाकले. रोलरचा भार ठिपक्याऐवजी रेषेवर पडतो, म्हणून खळगे सहजासहजी पडत नाहीत.

स्टेमवर (हँडलची मधली दांडी) बसलेली खालची रेस, म्हणजे बेअरिंगचं कडं, काही केल्या हलेना. उद्यमबागेत लेथवाल्या मामांकडे घेऊन गेलो. त्यांनी स्टेम हातात फिरवून बघितला. ‘ठोकून काढशील तर स्टेम वाकडा होतंय बघ,’ म्हणाले. ग्राइंडरनं रेसला तिरका काप दिला, पार आरपार नाही, आणि छिन्नीचा एकच टोला. रेस तडकून हातात आली. मग मी विचारलं, ‘मामा, जुन्या कपाचा बाहेरचा व्यास थोडा उतरवून द्याल?’ ‘होय की, दे इकडं.’ तो उतरवलेला कप नवी रेस फ्रेमच्या नळीत ठोकून बसवायला उत्तम, सरळ बसते आणि कडा चेपत नाही. नवीन रेस रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या. थंडीनं किंचित आकसतात, हातोड्याचे चार हलके टोले पुरले.

ग्रीस पाण्यात टिकणारं घ्या आणि रोलरच्या पिंजऱ्यात तळहातानं दाबून भरा, वरून फासून उपयोग नाही. नट आधी जरा जास्त कसला, हँडल दोन्ही टोकांपर्यंत दहा-बारा वेळा फिरवलं, मग सैल करून पुन्हा बेतानं कसला. चाक हवेत असताना हँडल हलकंसं ढकललं की आपल्या वजनानं बाजूला पडलं पाहिजे, आणि फोर्क (पुढच्या चाकाचे दांडे) धरून पुढे-मागे हलवल्यावर काही वाजता कामा नये.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी असलेली फट, थंड इंजिनावर सकाळीच बघितले. एक्झॉस्टला फट मोजायचं, मॅन्युअलमधल्या मापाचं पातं आत जाईना. आवाज अगदी गोड येत होता, आणि तीच काळजीची गोष्ट. व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली बसत जातो, फट कमी होते, मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. वाजणारा टॅपेट परवडला.

चेनच्या २० कड्या पिनपासून पिनेपर्यंत नवीन असताना ३१७.५ मिमी भरतात. माझ्या एका जागी ३१८.५, दुसरीकडे ३२०.५. एकाच चेनमध्ये दोन मापं निघाली की ढील कुठेही लावा, चुकतेच. दोन्ही स्प्रॉकेटसकट बदलली.

उजवा फोर्क पाझरत होता. सील बदलण्याआधी जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी आकड्यासारखी कापून सीलच्या ओठाखालून फिरवली. तांबडे कण बाहेर आले, पाझर थांबला. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांचं झालं होतं, बदललं. एअर फिल्टर नवीन.

७२,१२० किमी: राजहंसगड, तिथून परत येऊन बाचीमार्गे तिलारीपर्यंत जाऊन आलो. कोनसेटचा नट पुन्हा तपासला, रेस बसल्यामुळे थोडा ढिला लागला, जेमतेम आठवा भाग फिरवला. खटका नाही. मागच्या सस्पेन्शनच्या लिंकेजच्या (जोडदांड्यांच्या) बुशी दिवाळीच्या सुट्टीत उघडणार.