हॅश मार्क, एक यार्ड आणि अकरा लाइनमन

अमेरिकन फुटबॉलचं मैदान कॉलेजचं असो की एनएफएलचं, म्हणजे व्यावसायिक लीगचं, रुंदी १६० फूटच. फरक आहे तो मधल्या तुटक रेघांच्या दोन रांगांत, म्हणजे हॅश मार्कमध्ये. कॉलेजात त्या एकमेकींपासून ४० फुटांवर, एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांवर. कॉलेजातून थेट आमच्या एनएफएल संघाचे मुख्य कोच झालेले गृहस्थ एप्रिलमधल्या पहिल्या मिनिकॅम्पच्या, म्हणजे छोट्या सराव शिबिराच्या, आदल्या दिवशी व्हिडिओ विभागात येऊन बसले आणि निम्मी सकाळ या एवढ्या फरकातच गेली.

आकडे त्यांना अर्थातच पाठ होते. प्लेबुकला, म्हणजे त्यांच्या डावांच्या वहीला, ते अजून ठाऊक नव्हते. प्ले, म्हणजे एक डाव, दोन हॅशच्या मध्ये संपला तर तिथूनच, बाहेर संपला तर जवळच्या हॅशवरून पुढचा स्नॅप होतो, म्हणजे चेंडू पुन्हा खेळात येतो. कॉलेजात चेंडू डाव्या हॅशवर असेल, तर डावीकडे साइडलाइनपर्यंत ६० फूट आणि उजवीकडे १००. त्यामुळे 'रुंद बाजू' हा तिथल्या आक्रमणाचा पायाच. तीन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, तिकडे उभे करा, बचाव आपोआप ताणला जातो. एनएफएलमध्ये तोच चेंडू साइडलाइनपासून ७० फूट ९ इंचांवर येतो आणि दुसऱ्या बाजूला ८९ फूट ३ इंच उरतात. म्हणजे रुंद बाजू जवळपास ११ फुटांनी आखडली. शिवाय बचावाला दोन सेफ्टी, म्हणजे सगळ्यांत मागे उभे राहणारे बचावपटू, दोन्हीकडे सारख्या अंतरावर ठेवता येतात, कोणती बाजू वाचवायची हा पेच सुटतो. आम्ही त्यांच्या जुन्या सामन्यांच्या फिल्मवर एनएफएलच्या रेघा आखून दाखवत होतो. कडेने पळायचे जे प्ले कॉलेजात हमखास सात-आठ यार्ड द्यायचे, त्यात धावणारा वळायच्या आतच सेफ्टी त्याच्या वाटेत पोचलेला दिसत होता.

मग आरपीओ, म्हणजे रन-पास ऑप्शन. स्नॅप झाल्यावर क्वार्टरबॅकने, म्हणजे पास टाकणाऱ्याने, धाव की पास ते ठरवायचं, आणि लाइनमन, म्हणजे पुढच्या ओळीतले आडदांड खेळाडू, मात्र धाव समजूनच पुढे घुसायचे. पास हातातून सुटेपर्यंत लाइनमनला कॉलेजात ३ यार्ड पुढे जायची मुभा, एनएफएलमध्ये एकच. हे दोन यार्ड वरवर किरकोळ वाटतात. खरं तर सगळा खेळ तिथेच आहे. लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू, लाइनमनकडे बघून धाव आहे असं समजतो आणि पुढे येतो, त्याच्या पाठीमागे पास टाकायचा. लाइनमन एका यार्डावर थांबला तर लाइनबॅकर फसायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ क्वार्टरबॅकने चेंडू धरून ठेवला तर लाइनमन पुढे सरकतो, पंचांचा रुमाल पडतो. ५ यार्डांचा दंड. कोचच्या लाडक्या आरपीओंपैकी मागच्या बाजूला उशिरा जाणारे सगळे पास त्या दिवशी गळाले. स्नॅपबरोबर लगेच सुटणारे तेवढे राहिले.

साइडलाइनच्या झेलांना मी प्रत्येक वेळी फ्रेम थांबवत होतो. कॉलेजात एक पाऊल आत पडलं की झेल धरतात, इथे दोन्ही लागतात. एका फ्रेममध्ये रिसीव्हरच्या डाव्या बुटाचं टोक गवतात रुतलेलं, उजवा बूट पांढऱ्या रेघेवर. कॉलेजात पहिला डाउन, म्हणजे नव्याने चार संधी, इथे काहीच नाही. गुडघ्याचंही तसंच. कॉलेजात गुडघा टेकला की प्ले संपला. इथे कुणी हात लावला नसेल तर चेंडू जिवंत असतो. कॉलेजातून आलेली पोरं पडल्यावर सवयीने चेंडू जमिनीवर ठेवून उठतात, तो समोरचे उचलून पळतात. हे तोंडी सांगून जात नाही, रोज घोटून घ्यावं लागतं.

दुपारी सरावाचं वेळापत्रक निघालं. पाच-पाच मिनिटांचे तुकडे, नेटकी आखणी. पण त्यात लाइनमनची एकास एक झुंज होती, आणि रिसीव्हरला सुरुवातीलाच अडवण्याचा सरावही. खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारानुसार हंगामापूर्वीच्या या ऐच्छिक सत्रांत थेट टक्कर चालत नाही, आणि सरावाचं चित्रण जपून ठेवावं लागतं. तक्रार आली की तेच मागवलं जातं. २०२१ मध्ये जॅक्सनव्हिल जग्वार्सना याच कारणावरून २ लाख डॉलर दंड झाला, मुख्य कोच अर्बन मायर यांना वेगळा १ लाख. कॉलेजात तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवलेला तो माणूस १३ सामन्यांत २ जिंकून डिसेंबरमध्ये बाहेर पडला.

अशी उदाहरणं निघाली की यादी लांबते. कॉलेजातले नावाजलेले कोच निक सेबन यांनी मायामी डॉल्फिन्सकडे दोन वर्षांत १५ जिंकले, १७ हरले. २००६ मध्ये खांद्याच्या दुखापतीमुळे क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझला घ्यायला संघाचे डॉक्टर कचरले, त्याच्याऐवजी डांटे कल्पेपर आला. कॉलेजात कोच हवी ती पोरं घरी जाऊन आणतो. इथे ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, कमकुवत संघाला आधी निवड, वर सॅलरी कॅप, म्हणजे एकूण पगारावर मर्यादा. निवडीतली आघाडी, म्हणजे त्याचं मुख्य हत्यार, दारातच काढून घेतली जाते. बॉबी पेट्रिनो २००७ मध्ये १३ सामन्यांनंतर अटलांटाचा संघ सोडून आर्कान्सो विद्यापीठाकडे गेले, खेळाडूंच्या लॉकरमध्ये निरोपाची चिठ्ठी ठेवून. उलट कॉलेजातूनच आलेले पीट कॅरोल आणि जिम हार्बो जमले, कारण दोघांनाही लीग आतून माहीत होती, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. कॉलेजातून आलेले स्टीव्ह स्परियर स्वतः एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक होते, तरी वॉशिंग्टनला १२ विजय, २० पराभवांवर आटोपले. जिमी जॉन्सन यांना लीगचा काडीचा अनुभव नव्हता. डॅलसला पहिल्या वर्षी १-१५, पुढे लागोपाठ दोन सुपर बोल, म्हणजे लीगची अजिंक्यपदं. त्यांच्या मालकाने १-१५ नंतर दम धरला, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

शेवटचा मुद्दा माणसांचा. कोचना दोन मैदानांवर एकाच वेळी सराव हवा होता: एकीकडे आपलं आक्रमण राखीव बचावासमोर, दुसरीकडे आपला बचाव राखीव आक्रमणासमोर. कॉलेजात शंभरावर पोरं असतात, तिथे हे सहज जमतं. एप्रिलमध्ये ९० जणांचा रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, असल्याने इथेही जमतं. 'ऑक्टोबरचं बोला,' मी म्हटलं. रोस्टर ५३, सरावपथक १६. त्यात आक्रमणाचे लाइनमन साधारण ९, सरावपथकातले २. दोन आक्रमणं उभी करायची तर १० लाइनमन लागतात. हंगामाच्या मध्यावर दोघं तरी जायबंदी असतातच, म्हणजे उरले ९. तेही दमलेले. शिवाय १७ सामन्यांच्या हंगामात शोल्डर पॅड घालून सराव १४ वेळाच करता येतो. बाकीचे दिवस फक्त हेल्मेट घालून.

कोचनी कागद उलटा केला आणि त्या दहा जागांसमोर नावं लिहायला घेतली. नवव्या नावावर थांबले. 'टाइट एंड उभा केला तर?' असं, लाइनच्या कडेला उभ्या राहणाऱ्या खेळाडूबद्दल, विचारून त्यांनी स्वतःच मान हलवली. मग दोन मैदानांचा तुकडा खोडून त्या जागी एकच मैदान लिहिलं आणि वेळ पाचाऐवजी दहा मिनिटं केली.