वाळीत टाकलेल्या घराची वही

फोनवर आई सहज म्हणाली, "दळण हल्ली तालुक्याला नेते." गावात गिरणी असताना? खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं. आई-आप्पा वर्षभर रविवारी प्रार्थनेला जात होते. यंदा आप्पांनी पालखीची वर्गणी दिली नाही. भावकीची बैठक बसली आणि आमचं घर वाळीत पडलं. जो बोलेल त्याला दंड. गिरणीवाला, दुकानदार, सख्खे चुलते, सगळे गप्प.

मी मुंबईत. पहिल्या दिवशी मी दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही चुकल्या. एक, "सगळं आवरा आणि माझ्याकडे या" असं फर्मान काढलं. दुसरी, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लांबलचक झापणारा मेसेज टाकला. आप्पांचा फोन आला तो पहाटे. "मेसेज तू टाकलास, दगड आमच्या कौलांवर पडले."

त्यानंतर मी विचारलं (हे खरं तर आधी विचारायला हवं होतं), तुम्हाला काय हवंय? बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इथेच राहायचंय. आणि गेल्यावर चार खांदे मिळावेत."

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा वेगळा कायदा आहे आणि तो २०१७पासून लागू आहे, हे मला एका वकिलांकडून कळलं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझ्या कामाची गोष्ट म्हणजे तक्रार पीडिताच्या घरातलं कुणीही करू शकतं, पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. म्हणजे सही माझी चालणार होती. दगड मात्र माझ्या सहीवर पडणार नव्हते, म्हणून आप्पांनी हो म्हणेपर्यंत थांबलो. तीन आठवडे लागले.

त्या तीन आठवड्यांत वही तयार झाली. रोज रात्री आई फोनवर सांगायची, मी लिहायचो: तारीख, वेळ, कोण, नेमके शब्द, तिथे आणखी कोण होतं. "सगळे त्रास देतात" असं वाक्य आलं की मी थांबवायचो. आई वैतागायची. "तू मुलगा आहेस की फौजदार?" ग्रुपवरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट मी स्वतःकडे ठेवले. फुटलेल्या कौलांचे फोटो शेजारच्या गावातल्या मामांनी काढले.

पोलीस ठाण्यात ऐकायला मिळालं, "गावातलं आहे, गावातच मिटवा." गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकतात, एवढंच मी म्हणालो. वाद घातला नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे ठाण्यात नोंद नाकारली तर तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. वहीची नक्कल जोडून पाठवली. पुढच्या पंधरवड्यात ठाण्यातून बोलावणं आलं, गुन्हा नोंदला गेला, प्रत फुकट मिळाली. गुन्हा जामीनपात्र असल्याने मंडळी लगेच घरी आली. त्या रात्री मी गावातच झोपलो. झोपलो कसला, जागाच होतो.

आता समेटाची भाषा सुरू झालीय. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर कायद्यात तशी सोय आहे. आप्पा अजून हो म्हणालेले नाहीत, मीही विचारत नाही.

परवा आईने सांगितलं, धाकटी काकू अंधार पडल्यावर मागच्या दाराने दूध ठेवून जाते. मी सवयीने वेळ विचारली.

"ते वहीत नको लिहूस," आई म्हणाली. "तिला दंड बसेल."