माझ्याकडे शिफ्ट होती

शनिवार, रात्र

पाऊस, सुट्टी आणि रिकामं घर असं तिन्ही एकदम जमून आलं. लॅपटॉपवर डॉसबॉक्स, म्हणजे जुने खेळ चालवणारा प्रोग्रॅम, टाकला आणि कितीतरी वर्षांनी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा कॉम्प्युटरवरचा जुना खेळ सुरू केला. पांढऱ्या कपड्यांतला तो पोरगा तळघरात धपकन पडला, मागे जाळी बंद झाली आणि अर्ध्या तासात मी त्याला सतरा वेळा मारलं. शत्रूने नव्हे, मी. सुळ्यांवर टाकलं, खड्ड्यात ढकललं, तलवार न घेताच पहारेकऱ्यासमोर नेऊन उभं केलं.

आधी वाटलं वय झालं. मग हातांकडे पाहिलं. डावी करंगळी शिफ्टवर आपोआप जाऊन बसली होती. उजवा हात मात्र बाणांच्या कळांवर नवीन पाहुण्यासारखा अवघडून होता. मग लख्ख आठवलं. हा खेळ मी कधी खेळलेच नव्हते. अर्धाच खेळले होते.

१९९६ची उन्हाळ्याची सुट्टी, सांगली. मामाचं आयकराचं काम चालायचं त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर होता. त्याला कापडी झूल, चपला दाराबाहेर, हात धुऊनच आत. रविवारी ऑफिस बंद, तेव्हा किल्ली दादाकडे. दादा म्हणजे मामेभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, म्हणजे तेव्हा बाराचा, आणि अधिकारवाणी पन्नाशीची. बाण त्याचे. मला शिफ्ट.

आता कोणाला वाटेल की पोरीला गप्प बसवायला एक कळ दिली. दादाचा हेतू तोच असणार. पण हा खेळ ज्याने खेळलाय त्याला माहीत आहे शिफ्ट काय चीज आहे ते. पडता पडता कठड्याला हात घालायचा तर शिफ्ट. कडेपाशी जपून एकेक पाऊल टाकायचं तर शिफ्ट. तलवार उचलायची, बाटली प्यायची, वार करायचा, सगळं शिफ्ट. दादा राजपुत्राला धाडकन उडी मारायला लावायचा आणि हवेत असतानाच ओरडायचा, “धर! धर!” मी वेळेवर धरलं तर राजपुत्र लटकायचा. नाही धरलं तर खाली सुळे, आणि वर दादाची टपली.

लढाईत तर आमचा एक माणूस दोघांत वाटलेला असायचा. पुढे-मागे सरकणं आणि वार अडवणं त्याच्याकडे, तलवार माझ्याकडे. “मार ना!” तो अडवण्यात गुंतलेला असताना मी घाईने वार करायचे, तो चुकायचा आणि पहारेकरी आम्हा दोघांनाही एकदमच उलथवायचा. भांडण मग सोमवारपर्यंत पुरायचं.

बुधवार

काल-परवा ऑफिसचं काम आटपून रोज तासभर. तासभर म्हणजे खरंच तासभर, कारण खेळाचं घड्याळच साठ मिनिटांचं. सुलतान परदेशी लढाईवर गेलाय, वजीर जाफरने राजकन्येला तासाची मुदत दिलीय, माझ्याशी लग्न कर नाहीतर मर. राजपुत्र मेला की त्या टप्प्याच्या सुरुवातीला परत जातो, पण गेलेली मिनिटं परत येत नाहीत. नऊ वर्षांच्या मला हे फार अन्यायाचं वाटायचं. आताही वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे वजन. दुसऱ्या खेळातला तो मारिओ हवेत असतानाही दिशा बदलतो. हा बदलत नाही. धावायला लागला की थांबायलाही दोन पावलं घेतो, उडी मारली की मारली. कळ सोडली तरी त्याचं अंग पुढे जातच राहतं. याचं कारण नंतर वाचलं होतं. हा खेळ बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने १९८५ साली धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यातली एकेक चौकट गिरवून ॲपल-टू कॉम्प्युटरात घातली. तलवारबाजी १९३८च्या रॉबिन हूडच्या चित्रपटातल्या द्वंद्वावरून उचलली. खेळ बाजारात आला १९८९ला. म्हणजे मी आठवडाभर ज्याला खड्ड्यात टाकतेय तो खरोखरच कोणाचा तरी धाकटा भाऊ आहे. भावाला पळवायचं आणि आपण यंत्रामागे बसायचं. सगळ्या थोरल्यांची जात एकच.

मेकनर तेव्हा रोजनिशी लिहायचा आणि पुढे ती छापूनही आली. माझ्या या वहीला तसलं काही भाग्य नको.

तिसऱ्या टप्प्यातला सांगाडा आज पार केला. तो मरत नाही, मागे रेटत नेऊन खाली पाडावा लागतो. मग चौथा, आरशाचा. सांगलीला आमची हद्द इथेच संपायची. इथवर आम्ही प्रामाणिकपणे आलो होतो असंही नाही. आमच्या फ्लॉपीवरच्या प्रतीत पहिल्या टप्प्यानंतर बाटल्यांची खोली यायची, प्रत्येक बाटलीवर एक अक्षर. खेळासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या तमुक शब्दाचं पहिलं अक्षर ओळखून ती बाटली प्यायची. पुस्तिका कोणी पाहिलेली! भलतीच प्यायली की खलास. मग कोणीतरी दादाला सांगितलं की शिफ्ट आणि एल एकदम दाबलं की पुढच्या टप्प्यात जाता येतं. चौथ्यापर्यंत उडी, पण मिनिटं उरतात पंधरा. एल त्याने दाबलं, शिफ्ट अर्थातच मी.

आणि त्या पंधरा मिनिटांत, सलग दोन सुट्ट्या, आम्ही आरशासमोर उभे. दार उघडलेलं, वाटेत हा आरसा. दादाने जपून पावलं टाकून पाहिली. मागे जाऊन पाहिलं. आज मी लांबून धावत आले आणि सरळ उडी घेतली. आरपार! पलीकडे मी, आणि आरशातून निघून उलट्या दिशेने पळणारी माझीच सावली. जीव मात्र एकच उरला.

ही सावलीही अडचणीतून जन्मली. ॲपल-टूच्या स्मृतीत नव्या शत्रूची चित्रं मावेनात, म्हणून मेकनरने राजपुत्राचीच चित्रं किंचित सरकवून एकमेकांवर घातली आणि चमचमणारं भूत मिळालं. गरिबीतला संसार असाच चालतो, बाबांच्या जुन्या शर्टाचा माझा फ्रॉक व्हायचा तसा.

शुक्रवार

पाचव्यात सावलीने माझी बाटली पिऊन टाकली. सहाव्यात ऐन वेळी जाळी पाडून मला खाली ढकललं. सातवा पार पडला आणि मग राजकन्येचं दृश्य आलं. इतके दिवस मला ही बाई रागच आणायची. वाळूचं घड्याळ बघत उभी. काही कर की गं! तर आज ती खाली वाकली आणि एक पांढरा उंदीर तिच्यापासून निघून गेला. मी फार लक्ष दिलं नाही.

आठव्याच्या शेवटी दार उघडून परत येते तर मध्ये जाळी बंद. ती उघडायला दाबायची फरशी कुठे नाही, वर चढायला जागा नाही. स्पेस दाबून मिनिटं बघितली, एकोणीस. मला वाटलं बिघडलं काहीतरी. बंद करून पुन्हा सुरू करावं म्हणून हात कळफलकावरून उचलले.

तेवढ्यात जाळीपलीकडून तो उंदीर आला. टुकूटुकू चालत फरशीवर चढला, फरशी दबली, जाळी वर गेली. आणि तो आला तसा निघून गेला. बक्षीस नाही, वाजंत्री नाही. मी नुसती बघत बसले. इतकी की जाळीतून निघायचंच राहून गेलं असतं.

एस्केप दाबून खेळ थांबवला आणि दादाला फोन लावला. कोल्हापूरला असतो आता. रात्रीचे सव्वाअकरा.

“कोण गेलं?” पहिला प्रश्न हाच.

“कोणी नाही रे. उंदीर आला.”

“घरात?”

“आठव्या टप्प्यात.”

पलीकडे शांतता. मग पलंग करकरला, वहिनींचं काहीतरी पुटपुटणं, दार लोटल्याचा आवाज.

“आरसा?” त्याने हळू आवाजात विचारलं.

“धावत येऊन उडी मारायची. आरपार.”

“हॅट! एवढंच?”

“एवढंच.”

“दोन वर्षं, चिंगे.” मग थोड्या वेळाने, “शिफ्ट कोण धरतंय?”

“मीच.”

“आणि बाण?”

“तेही मीच.”

हे त्याला आवडलेलं नाही हे फोनवरूनही कळलं.

“मिनिटं किती उरलीत?”

“एकोणीस.”

“सेव्ह कर,” दादा म्हणाला. “रविवारी येतो मी पुण्याला. बाण माझे.”